तळहातावरचं तेल

१९९९ साली लग्न होऊन मी रत्नागिरीत आले, तेव्हा माझी मुलगी नऊ वर्षांची होती. ती माझ्या पोटची नाही. तिची आई आधीच गेली होती आणि यांची नोकरी जहाजावरची, म्हणून घरात बाई हवी होती. लग्नानंतर थोड्याच दिवसांत हे जहाजावर गेले आणि घरात आम्ही दोघीच उरलो. ती मला मावशी म्हणायची आणि विचारलं तेवढंच बोलायची. मीही अबोल, त्यामुळे आमच्या घरात पंख्याचाच आवाज जास्त.

निघताना यांनी सांगितलं होतं, "ती जिम्नॅस्टिक्सला जाते. सोडायचं, आणायचं. बाकी सर बघतात." मी बुरोंडीची, चौथी शिकलेली. उड्या मारायचीही शिकवणी असते हे मला नवीन होतं.

एका संध्याकाळी ती परत आली ती तळहात कसल्याशा पावडरीनं पांढरे घेऊन. मी धुवायला लावले, तर खाली फोड फुटलेले. बुरोंडीला होडीचा दोर ओढून हात कापले की माझी आई कोमट खोबरेल चोळायची. मीही तेच केलं. तिनं हात मागे घेतले नाहीत. मग रोज जेवणानंतर ती पाटावर बसून तळहात माझ्यापुढे धरायला लागली. एरवी ती मला जवळ येऊ द्यायची नाही. म्हणून मी मुद्दाम सावकाश चोळायचे.

जिल्ह्याच्या स्पर्धेत पहिल्या तिघी पुढच्या स्पर्धेला जाणार होत्या. ती महिनाभर तेवढंच बोलत होती, म्हणजे तिच्या मानानं पुष्कळ. स्पर्धेच्या सकाळी मी तिच्या चापूनचोपून वेण्या घातल्या आणि तेलाची वाटी पुढे घेतली. ती म्हणाली, "आत्ता नको ना मावशी."

"जखम उघडी ठेवून लटकणार कशी तू?"

तिनं थोडा वेळ वाटीकडे पाहिलं आणि हात पुढे केले. माझं मन मोडायचं नाही म्हणून केले, हे मला आता कळतं. तेव्हा मी आणखी थोडं तेल घेतलं.

हॉलमध्ये आई-बापांना एका बाजूला बसवलं होतं. शेजारच्या बाई सराईत होत्या. मला म्हणाल्या, "पहिल्यांदाच वाटतं? मग टाळ्या आवरा. मुलगी खाली उतरल्याशिवाय वाजवायच्या नाहीत." मी हात पदरात घेतले.

गुण कसे देतात ते मी त्यांना भीतभीत विचारलं. "देत नाहीत हो, कापतात," त्या म्हणाल्या. "गुडघा वाकला, कापा. उतरताना पाय हलला, कापा. आमची तर नाक पुसायला थांबली होती. म्हटलं, आता नाकाचेही कापतील." मी हसले. तेवढ्यात आमच्या मुलीचं नाव पुकारलं.

एक उंच आणि एक ठेंगणी, अशा दोन दांड्या होत्या. तिनं हाताला पांढरी पावडर लावली, झटकली, पुन्हा लावली. मग पंचांना हात वर करून दाखवला. ठेंगण्या दांडीवर सगळं नीट झालं. उंच दांडीवर झोका घेताना तिचे हात सुटले आणि ती गादीवर पाठीवर पडली.

मी उठून धावणार, तर शेजारच्या बाईंनी माझा पदर धरला. "बसा. आत जायचं नसतं. तिला पुन्हा चढता येतं, थोडा वेळ देतात."

ती चढली. पुन्हा हात घसरले, पण या वेळी तिनं कसंबसं धरलं आणि शेवट केला. तिसरीही ती आली नाही.

सर तिला घेऊन आमच्याच बाजूला आले. त्यांनी तिचा तळहात उघडला. पावडरीचा भिजल्या पिठासारखा लगदा झाला होता.

"हे तेल कुणी लावलं?"

"मी," ती म्हणाली.

"किती वेळा सांगितलंय? दांडीवर जाताना हाताला तेल नाही."

"विसरले, सर."

मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले होते. माझं तोंड उघडलं नाही. परक्या पुरुषाशी, इतक्या लोकांत कसं बोलायचं, असं मी तेव्हा मनाला सांगितलं. तिनं माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

त्या रात्री ती पाटावर बसली नाही. मी वाटी घेऊन गेले तर म्हणाली, "नको. माझं मी बघीन." पुढेही तेच. वाटीतलं तेल मी परत बाटलीत ओतलं.

मला राहवेना. काही दिवसांनी तिला आणायला गेले तेव्हा मी दारातच सरांना सांगून टाकलं, "त्या दिवशी तेल मी लावलं होतं." सर म्हणाले, "अंदाज होता, वहिनी. मीच तुम्हाला आधी सांगायला हवं होतं." माझ्या छातीवरचा दगड उतरला. वळून पाहिलं तर ती मागे उभी, तोंड लाल झालेलं.

वाटेत म्हणाली, "कशाला सांगितलंस? आता सरांना वाटणार मी खोटं बोलते."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तिनं माझ्यासाठी एवढं केलं, आणि स्वतःला मोकळं वाटावं म्हणून मी तेही मोडलं. घरापर्यंत मी तिचं दप्तर धरून चालले.

पुढच्या वर्षी पुन्हा स्पर्धा आली. त्या सकाळी मी तेलाची बाटली फळीवर मागे सारून ठेवली आणि वेण्या कोरड्याच घातल्या. तिनं मोरीत जाऊन साबणानं हात धुतले, बराच वेळ. मग ओले तळहात तिनं माझ्या नाकासमोर धरले.

"वास घे. तेलाचा येतो का?"

मी वाकून दोन्ही हातांचा वास घेतला. साबणाचाच होता. "नाही," मी म्हणाले. तरी तिनं हात तिथंच धरले होते, म्हणून मी पुन्हा घेतला, आणि माझ्या पदराला तेल नाही ना हे आधी पाहून मग ते हात पुसून दिले.