चाड्यावरची मूठ आणि उजवा खुबा

जानेवारी १९८९, संक्रांतीनंतरचा रविवार, सकाळचा चहा झाल्यावर. जागा, बोरीतल्या आमच्या घराची ओसरी. हजर: आमचे मालक, सासूबाई, धाकटा दीर, धाकटी जाऊ, चारठाण्याहून मुद्दाम बोलावलेला माझा थोरला भाऊ आणि मी. लेकरांना शेजारी पाठवून दिले होते.

विषय एकच होता. माझा उजवा खुबा आत्ता बदलून घ्यायचा, की साठी येईपर्यंत आहे तसाच वागवायचा. मी तेव्हा पस्तीस वर्षांची होते.

बैठक मीच बोलावली. आमच्याकडे लग्न ठरवायला बैठक होते, वाटणीला होते, विहीर खोदायला होते. बाईच्या पायासाठी कधी झालेली कोणाला आठवत नव्हती. पण माझा पाय अडला की घरातली निम्मी कामे अडत होती, म्हणजे प्रश्न घरचाच होता.

आधीची हकीकत थोडक्यात सांगते. तीन वर्षांपूर्वी श्रावणात मी मळ्यातल्या विहिरीच्या पायऱ्यांवरून पडले. वरून तिसरी पायरी हलत होती, ती पायाखालून सरकली. खुब्याजवळ हाड मोडले. परभणीला ऑपरेशन झाले, हाड जुळले, मी चालायलाही लागले. वर्षभर सगळे ठीक होते. मग जांघेत कळ यायला लागली, आणि हळूहळू चाल तिरकी झाली.

मी एका जागी बसणारी बाई नाही. मळा घरापासून कोसभर. तिकडे रोज जाणे-येणे, कडब्याच्या पेंढ्या उचलणे, मजुरांच्या पुढे राहून काम उरकणे, हे सगळे मी हौसेने करत होते. पण माझे खरे काम पेरणीचे. तिफणीला तीन फण असतात. एकजण बैल हाकतो आणि मागून चालणारी बाई तिफणीवरच्या लाकडी वाटीत, म्हणजे चाड्यात, मुठीतून दाणे सोडत राहते. वाटीला तीन भोके, भोकांना नळ्या, आणि नळ्यांतून दाणा तीन तासांत, म्हणजे फणांनी काढलेल्या तीन ओळींत, पडतो. हात सारखा चालला पाहिजे, आणि हात चालतो पावलावर. लग्नानंतरच्या दुसऱ्याच वर्षी सासऱ्यांनी चाड्याला कुंकू लावून मूठ माझ्याकडे दिली होती. पाय मोडला त्या सालची रब्बी सोडली, तर तेव्हापासून आमच्या शेतात दुसऱ्या कोणी चाड्यावर हात धरला नव्हता.

अठ्ठ्याऐंशीच्या मृगात पेरलेली ज्वारी उगवली ती खाड्याखाड्याने. एका ठिकाणी झुबका, पुढे मोकळी जमीन, पुन्हा झुबका. आमचे मळे जिंतूर रस्त्याला लागून. एसटीतून जाणारा माणूससुद्धा खिडकीतून बघून सांगेल की पेरणी बिघडली.

मालक म्हणाले, बियाणे खराब. जिंतूरला जाऊन दुकानदाराशी भांडून आले. मग म्हणाले, नळ्या तुंबत असतील. सुताराला बोलावून तिफणीच्या नळ्या नव्या करून घेतल्या. रब्बीच्या ज्वारीला नवे बियाणे आणि नव्या नळ्या होत्या, तरी खाडे तसेच पडले. सुताराला पुन्हा बोलावणे गेले, पुन्हा नळ्या बदलल्या. शेवटी त्यांनी डाव्या बैलावर ठपका ठेवला. तो हिसके देतो म्हणाले, आणि त्याला बाजारात न्यायला निघाले. तेव्हा मी दारात उभी राहिले.

"बैल राहू द्या. आधी मला हैदराबादला दाखवा."

परभणीच्या डॉक्टरांनी फोटो काढून सांगितलेच होते, की मोडल्यावर हाडाचा रक्तपुरवठा तुटला आणि खुब्याचा गोळा आतून वाळत गेला. तो काढून धातूचा बसवतात, हैदराबादला जा, म्हणाले. एक दिवस बंदमुळे एसटी नव्हती. दुसऱ्या दिवशी परभणीला पोचून रेल्वे धरली.

हैदराबादचे डॉक्टर वयस्कर होते. फोटो उजेडाला धरून त्यांनी विचारले, "अम्मा, उमर क्या है?"

"पस्तीस."

"पस्तीस? फिर अब्बी नक्को. साठ में आना."

मी मोडक्या हिंदीत म्हटले, "साठ में आके क्या करूं? तब तक पेरनी कौन करेगा?"

पेरणी म्हणजे काय, ते त्यांना उभी राहून, हात हलवून दाखवावे लागले. त्यांनी मला बाहेरच्या व्हरांड्यात दोनदा चालवले. मग आत बसवून नीट समजावले. गोळा धातूचा आणि वाटी प्लास्टिकची. म्हातारे माणूस सावकाश वापरते, त्याला जन्मभर पुरतो. तुमच्यासारखीला दहा, फार तर पंधरा वर्षे. मग झिजतो, आणि दुसरे ऑपरेशन पहिल्यापेक्षा अवघड. दुसरा मार्ग, सांधा कायमचा जाम करून टाकणे. दुखणे थांबेल, पण पाय काठीसारखा राहील. आणि खुबा बदलला तर तीन गोष्टी जन्मभर पाळायच्या: मांडी घालायची नाही, उकिडवे बसायचे नाही, आणि पडायचे तर अजिबात नाही.

"घर जा के सोचो," ते म्हणाले. "जल्दी क्या है?"

घरी येऊन मी विचार करण्यापेक्षा करून बघितले. महिनाभर जमिनीवर बसायचेच नाही असे ठरवले. गोबरगॅसची शेगडी होती, तिच्यासाठी उभ्याने स्वयंपाक होईल असा ओटा बांधून घेतला. सुताराकडून एका जुन्या खुर्चीला मधोमध भोक पाडून घेतले आणि ती नव्या संडासात ठेवली. सासूबाई आठवडाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला ती खुर्ची दाखवत होत्या. "बघा, आमच्या सूनबाईंची कचेरी." संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी खुर्चीवर बसूनच वाण दिले. त्यावर मात्र त्या खऱ्याच चिडल्या. "बायका खाली अन् तू वर! राणी हाईस का हैदराबादची?"

त्यानंतरच्या रविवारी ही बैठक. पैशाची सोय कापसावर झाली होती, त्यामुळे त्यावर बोलायचे नाही, असे मी सुरुवातीलाच सांगून टाकले.

पहिल्यांदा सासूबाई बोलल्या. "देवानं दिलेलं हाड काढायचं आन तिथं लोखंड बसवायचं. थंडीचं गार पडंल की गं ते."

"गार पडलं तर शेकू, आई," दीर म्हणाला. "उन्हाळ्यात भाकरी भाजून घेऊ."

"तू गप. पाय तिचा जायलाय, तुझा न्हाई."

भाऊ सावकाश बोलणारा. तो म्हणाला, "हे बघ माय, डाक्टरच म्हनला ना साठीला ये? त्याला का तुझ्याशी वैर हाय? आमी काय शिकलेलो न्हाई, पर शिकलेला माणूस थांब म्हनला तर थांबावं. काढ की ही वरसं कशीतरी तवर."

"साठीला पाय आला तर त्याचं मी काय करू, दादा? देवळात जाऊन बसू? बसायला तर मनाईच हाय."

दीर हसला. भाऊ हसला नाही. "चेष्टा न्हाई. दहा वरसानं ते झिजलं म्हंजी? पुन्हा कापायचं. आन मांडी घालायची न्हाई म्हंजी पंगतीत न्हाई, खुरपायला न्हाई, कापूस येचायला खाली वाकून बसायचं न्हाई. शेतकऱ्याच्या बाईनं बसायचं सोडलं, तर राहिलं काय?"

हा प्रश्न खरा होता. महिनाभर मी त्याच्याशीच झगडत होते. उत्तर मी द्यायच्या आधी माझी जाऊ बोलली. ती मोठ्यांपुढे फारसे बोलत नसे.

"ताई आत्ता तरी कुठं बसतेत? खुरपायला बसल्या की उठताना मला हाक मारावी लागती. ते नको वाटतं म्हणून दोन साल झालं, बसतच न्हाईत. बांधावर उभं राहून सांगतेत. तुमाला कुणाला दिसलं न्हाई का?"

मलाही ते तोपर्यंत इतके स्पष्ट दिसले नव्हते. ऑपरेशनची किंमत म्हणून जे जाणार असे सगळे म्हणत होते, ते केव्हाच जाऊन बसले होते. उरले होते ते चालणे, आणि वाट बघत बसले तर तेही जाणार होते.

"आन पेरणीचं म्हणशील तर," भावाने दुसरी बाजू धरली, "बियाणं चांगलं बघून आणा. एका पायानं का कुठं पेरणी बिघडती?"

मी उठले. "बैलगाडी जुंपा. शेतात जाऊन बोलू."

रब्बीची ज्वारी छातीच्या वर आली होती, कणसांत दूध भरत होते. मी सगळ्यांना रस्त्याकडच्या तासापाशी नेले आणि भावाला म्हटले, "ह्या तासाच्या कडंकडंनं चाल. जिथं खाडा हाय तिथं उजवा पाय टाक, जिथं झुबका हाय तिथं डावा."

तो चालायला लागला. खाडा, झुबका, खाडा, झुबका. पहिल्यांदा नीट चालत होता. मग खाड्यावर पाय पडला की त्याचे अंग खाली जायला लागले, कारण तास तसाच, एक पाऊल लांब आणि एक आखूड, पेरलेला होता. बांधावर पोचेपर्यंत माझा थोरला भाऊ अगदी माझ्यासारखा लंगडत होता.

सासूबाईंना हसू आवरेना. "अगं, ह्याला बी न्या हैदराबादला!"

भाऊ बांधावर थांबला, वळून त्याने तासाकडे बघितले आणि डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली. "बियाणं चांगलं हाय," एवढेच म्हणाला.

मी मालकांकडे बघितले. "तुमाला हे कळलं नव्हतं?"

"कळायला काय? जूनलाच कळलं." ते कणसावरची पाखरे हाकत होते. "मला का पेरणी वाचता येत न्हाई? पर तुला म्हनलं असतं तर तू चाडं सोडलं असतंस. बियाण्याला बोललं तर बियाणं रुसत न्हाई. दुकानदार रुसला, त्याचं मी बघीन."

"अन् बैल? तो तर विकायला काढला होता."

"बाजारातून परत आणणार होतो."

हे खरे की खोटे, मी कधी विचारले नाही. पण निर्णय तिथेच, बांधावर झाला. मी सांगितले: ऑपरेशन फेब्रुवारीत. दहा वर्षे तर दहा वर्षे; चालायची दहा वर्षे मला आत्ता पाहिजेत, झिजल्यावर पुन्हा बैठक बोलावीन. मृगाची मूठ धाकट्या जावेने धरायची, आणि मी जायच्या आधी तिला रिकाम्या रानात रेती घेऊन शिकवायचे. भावाने मान हलवली. सासूबाई गाडीत बसताना म्हणाल्या, "पुढच्या संक्रांतीला माझ्यासाठी बी खुर्ची ठेव. माझे गुडघे का कमी दुखायलेत?"

फेब्रुवारीत ऑपरेशन झाले. मृगाची पेरणी जावेने केली, मी बांधावर उभी राहून. पहिल्या दोन तासांत रेती आणि ज्वारीतला फरक तिला कळेना, मग हात बसला. रब्बीला मी स्वतः चाड्यावर मूठ धरली, शेताच्या निम्म्या भागात. निम्मे तिचे, निम्मे माझे, हीच वाटणी पुढे चालू राहिली. उगवल्यावर कोणते तास कोणाचे, ते रस्त्यावरून कोणी सांगू शकले नाही.

आता चौऱ्याण्णव साल चालू आहे. खुब्याची पाच वर्षे झाली. चालताना अजून काही जाणवत नाही. डॉक्टरांच्या तीन गोष्टींपैकी दोन मी कडक पाळते. पंगतीत माझी खुर्ची आता सगळ्यांना ठाऊक आहे, उकिडवे बसणे मी विसरले. तिसरी गोष्ट म्हणजे पडायचे नाही; ती एकटीने पाळता येत नाही. तिफणीच्या नळ्या या घराने दोनदा बदलल्या, पण विहिरीची ती तिसरी पायरी अजून हलते. मी विहिरीत उतरत नाही, जाऊ उतरते, आणि ती उतरली की माझा जीव वर टांगलेला. घडवलेला दगड दोन उन्हाळ्यांपूर्वी आणून विहिरीच्या काठावर टाकला आहे. मालक त्यावर बसून बिडी ओढतात आणि गवंडी येणार आहे म्हणतात. पायरी बसवायची राहिली आहे.