हंबीररावांच्या हातचा फेटा

हंबीरराव हवालदारांनी बांधलेला फेटा एकदा डोक्यावर बसला की नवरदेवानं घोड्यावरून खुशाल उडी मारावी, फेटा जागचा हलायचा नाही. उभी जवानी पलटणीत घालवून ते कृष्णाकाठच्या आपल्या गावी परतले, आणि लग्नसराईत त्यांच्या दाराशी पाहुण्यांची रीघ लागू लागली. एक पैसा घेत नसत. वर चहाही स्वतःच्याच घरचा पाजत.

"मुलखाची डोकी बांधत हिंडताय," बनुबाई, त्यांची बायको म्हणायची, "गोठ्याचं छप्पर कोण बांधणार?"

हंबीरराव मिशीतल्या मिशीत हसत. त्यांच्या स्वतःच्या डोक्याला फेट्यासाठी दुसऱ्याचा हात लागला तो त्यांच्या लग्नात, मामाचा. पुढं तशी कुणाची टापच झाली नाही.

चौऱ्याहत्तर साली राज्याभिषेकाला तीनशे वर्षं झाली म्हणून साताऱ्यात मोठा सोहळा करायचं ठरलं. लेझीम, दांडपट्टा, पालखी आणि सगळ्यांच्या पुढं जरीपटका. त्यासाठी गावोगावच्या पथकांची निवड भर मैदानात, लोकांसमोर व्हायची होती. हंबीरराव आपणहून स्वयंसेवक झाले. सोहळ्याचे चिटणीस गंगाधरपंत हे पेन्शनीत निघालेले मास्तर, हौशी आणि सरळ माणूस. त्यांनी हंबीररावांचा ताठ कणा पाहिला आणि शब्द देऊन टाकला, "सोहळ्यात जरीपटका तुम्ही धरायचा."

मग काय विचारता! हंबीररावांनी ठेवणीतला जरीकाठी फेटा उन्हात घातला. परसात बांबू खांद्याला लावून बनुबाईला चालून दाखवलं. म्हशीनंसुद्धा रवंथ थांबवून पाहिलं.

पथक फेट्यात कसं दिसतं ते परीक्षकांना कळावं, म्हणून पंतांनी कापडाच्या दुकानातून उसने फेटे आणले होते. हंबीररावांनी ते बांधायचे. निवड झाली तर फेटा राहील, नाहीतर उतरवून पुढच्या पथकाला. पंतांना यात वावगं काही दिसलं नाही. हंबीररावांना दिसायला हवं होतं, पण त्यांच्या डोळ्यांपुढं जरीपटका फडफडत होता, दुसरं दिसणार कसं!

सकाळभर ठीक चाललं. तरणी पोरं यायची, नाचायची, नापास झाली की आपल्याच हातानं फेटा काढून देऊन भजी खायला पळायची.

दुपारी वडूजकडचं लेझीम-पथक आलं. दोन वर्षांपूर्वीच्या दुष्काळात खडी फोडून राठ झालेले ते हात होते. म्होरक्या आकाराम साठीच्या पुढचा. हंबीररावांनी त्याला फेटा बांधायला घेतला, तर म्हाताऱ्यानं डोळेच मिटून घेतले.

"आवं तात्या, झोप लागली व्हय?"

"न्हाई हवालदार. माझ्या लग्नात टोपीवरच भागलं हुतं. दुसऱ्यानं मानानं फेटा बांधायची ही पयलीच खेप."

हंबीररावांनी मग तुरा जरा जास्तच उंच काढला.

पथक खेळलं झकास, पण शेवटच्या बैठकीला आकारामाचा गुडघा दगा देऊन बसला. म्होरक्याच कलला तशी त्याच्या चालीवर खेळणारी अख्खी रांग कोलमडली. परीक्षकांनी मान हलवली. बाकीच्यांनी खाली बघत फेटे काढून दिले. आकाराम मात्र डोक्याला हात लावून तसाच उभा राहिला.

"हंबीरराव, तेवढा फेटा उतरवून घ्या," पंतांनी टेबलावरून हाक दिली.

हंबीररावांचा हात वर गेला आणि तिथंच अडला. आमच्याकडं चारचौघांत डोईचा फेटा उतरवायचा तो वैऱ्याचा. पाहुण्याला हौसेनं बांधायचा आणि खेळ फसला म्हणून त्याच हातानं ओढून काढायचा? भर मैदान बघत होतं.

"चुकलं का काय आमचं, हवालदार?" आकारामानं हळूच विचारलं.

"तुमचं काय बी चुकलं न्हाई, तात्या." हंबीरराव पंतांकडं वळले. "पंत, पोरांनी आपापल्या हातानं काढलं. ह्ये डोकं मी बांधलंय. माझ्या हातानं सुटायचं न्हाई."

"अहो, नियम सगळ्यांना सारखा! उसने फेटे आहेत. आणि स्वयंसेवकानंच ऐकलं नाही, तर जरीपटका त्याच्या हाती कसा देऊ मी?"

पंतांचंही खोटं नव्हतं. हंबीररावांनी छातीवरचा स्वयंसेवकाचा बिल्ला काढला, टेबलावर ठेवला आणि आकारामाला म्हणाले, "चला तात्या, तुमास्नी यष्टीत बशिवतो."

म्हातारा फेट्यासकट गाडीत बसला. दुसऱ्या दिवशी हंबीररावांनी आपला ठेवणीतला जरीकाठी फेटा दुकानदारासाठी पंतांकडं पोचता केला. हिशेब मिटला. बनुबाई त्या दिवशी छपराबद्दल चकार शब्द बोलली नाही.

सोहळ्याला जायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं, पण पाय घरात ठरेनात. साधी टोपी घालून ते गर्दीत दोराशी उभे राहिले. जरीपटका समोरून गेला. धरणारा गडी उमदा होता, चालही पक्की, खोट काढायला कुठंच जागा नव्हती. तेच त्यांना जास्त लागलं. डोळे भरून आले तसे ते घरी जायला वळले.

मागं आकाराम उभा. डोक्याला जुनं मुंडासं, काखेत धुऊन घडी घातलेला तो फेटा.

"माझ्यापायी तुमचा मान गेला, हवालदार. सोळा कोसांवरनं का आलो, तर ह्यो घ्या."

"दिल्याला मान मी माघारी घेत न्हाई, तात्या."

"माघारी कोण देतंय? वाका जरा."

पलटणीत कुणापुढं न वाकलेले हंबीरराव वाकले. आकारामानं त्यांची टोपी काढून खिशात कोंबली आणि फेटा गुंडाळायला लागला. येत कुठं होतं त्याला! पीळ सैल, तुरा कानावर, शेमला पोटावर. लोक हसायला लागले. हंबीररावांनी मात्र डोळे मिटून घेतले होते.

तसेच ते गावात शिरले. ज्यांची लग्नं त्यांच्या फेट्यांनी लागली होती ते पारावर उठून बघायला लागले.

"आगं बया! कुणी बांधलाय ह्यो?" दारातच बनुबाईचा हात सरळ करायला पुढं झाला.

हंबीरराव मागं सरकले. "हात लावू नगंस. मानाचा हाय."

जेवायला बसले तरी त्यांनी तो उतरवला नाही. शेमला आमटीत बुडायला आला, तेव्हा बनुबाईनं एका हातानं तो वर धरला आणि दुसऱ्या हातानं त्यांना वाढलं.