हुकाखालचा नारळ

"साहेब, ही रेघ तुमच्या रंगाची आहे, हुकाची नाही," शेठ म्हणाले.

कुंभिवलीतल्या एका फॅब्रिकेशन शॉपमध्ये आम्ही क्रेनच्या हुकाशी उभे होतो. क्रेन तपासणं हे माझं काम. क्रेनवर 'दहा टन' अशी पाटी असते. पाटी कोणीही रंगवतो. म्हणून आम्ही दहा टनांहून थोडं जास्त वजन उचलून बघतो, त्याला लोड टेस्ट म्हणतात. त्याआधी हुकावर लाल द्रव लावायचा, पुसायचा आणि पांढरी पावडर मारायची. तडा असेल तर आत मुरलेला लाल रंग बाहेर येतो. इथे हुकाच्या मानेवर बोटभर रेघ उमटली होती.

"तडा आहे. क्रेन बंद ठेवा, हुक बदला."

"नवा हुक यायला आठवडा जाईल. माल आज लोड व्हायचाय."

"आणि तुटला तर? खाली हरेश असतो."

हरेश लोधिवलीचा. उचलायच्या मालाला साखळ्या बांधून हुकात अडकवणारा रिगर. तो शांतपणे म्हणाला, "देवी हाय ना, सायेब."

हे वाक्य ऐकलं की माझं डोकं उठतं. मी देव मानत नाही. घरी गणपती बसतो तेव्हा आरतीला टाळ्या वाजवतो, कारण बायको बघत असते.

शेठना तोड सुचली. "जागा देवीची आहे. कौल लावू. ती म्हणेल तसं."

शेड बांधताना गेटजवळचं देऊळ त्यांनी हलवलं नव्हतं. गावातून गुरवतात्या आले. देवीच्या दोन्ही खांद्यांवर त्यांनी ओल्या कळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

"आई, शेठचं काम आडलंय," तात्यांनी गाऱ्हाणं घातलं. "क्रेन चालवायची असंल तर उजवा दे."

माझं शिक्षण मेकॅनिकल इंजिनिअरिंगचं. कळीला हुकातलं काही कळत नाही, हे मला ठाऊक होतं. तरी डाव्या कळीवर डोळे रोवून मी मनात म्हणत होतो, पड गं बाई.

उजवी पडली.

शेठनी ट्रकवाल्याला फोन लावला. हरेश हातमोजे चढवू लागला. मला खरोखर भीती वाटली.

"शेठ, क्रेन वापरू नये असं मी लिहून देणार. वरही कळवणार."

"कळवा. त्याच्याही वर देवी आहे."

तेवढ्यात तात्या म्हणाले, "नारळ आना. माल वर घ्या, आनि त्याच्याखाली उभं राहून शेठ नारळ फोडतील."

"मी?"

"कौल तुमच्या नावानं घेतला, पैला मान तुमचा. आमच्यात विहिरीचा कौल जो मागतो, त्योच पैला विहिरीत उतरतो. हरेश मागनं."

तात्यांच्या चेहऱ्यावर थट्टेचा मागमूस नव्हता. हरेशनं हातमोजे काढले आणि दोन्ही हातांनी, आदरानं, शेठना नारळ दिला.

शेठ शेडमध्ये आले. हुकाकडे बघत राहिले.

"साहेब, तडा आत किती खोल असेल?"

"ते तुटल्यावर कळतं."

शेठनी नारळ टेबलावर ठेवला. "देवीनं चालवा म्हटलंय. आजच चालवा असं कुठं म्हटलंय?"

तात्यांनी मान डोलावली. "तसं बी हाय."

ट्रक रिकामा परत गेला. आठवड्यानं नवा हुक बसला, लोड टेस्ट झाली. वजन खाली टेकल्यावर शेठनी नारळ फोडला. खोबरं मीही खाल्लं.

पाटी माणसांवरही असते. शेठच्या पाटीवर 'श्रद्धाळू' आहे, माझ्या पाटीवर 'नास्तिक'. त्या दिवशी आम्ही दोघंही लोड टेस्टला नापास झालो. हरेश तेवढा पास झाला असता, आणि जिवानिशी गेला असता.