वाळूतलं पाकट

ओहोटीच्या वेळी माझी पत्नी सुनीता गुडघाभर पाण्यात शिंपल्या शोधत होती. थोडं मागे, पाण्यातच माझ्याशेजारी उभे असलेले, रापणीचं जाळं ओढणारे दाजी एकदम म्हणाले, "वयनी, पाय उचलू नकात. पुढ्यात पाकट आसा."

तिच्या पावलापासून वीतभर अंतरावर वाळूत दोन भोकं उघडमीट करत होती. पाकट हा थाळीसारखा चपटा मासा, त्याचं तोंड पोटाखाली असतं. म्हणून वाळूत दडल्यावर ते डोळ्यांमागच्या या भोकांतून पाणी आत घेतं. विषारी काटा असतो शेपटीवर.

मी धावणार, तोच दाजींनी माझा दंड धरला. "तुम्ही धावल्यात तर तां वयनींच्याच पायाखाली जातलां. वयनी, पाय घासत मागे सरा. तेका आदी कळाक व्हया."

"तुम्ही तिथंच थांबा हो," सुनीता न हलता म्हणाली. "मला तुमच्या मदतीचीच जास्त भीती वाटतेय."

पाकट कुणावर चाल करून येत नाही. अंगावर अचानक वजन पडलं, तरच काटा मारतं. दुसऱ्याच्या घरात शिरताना आपण खाकरतो, तेवढीच चाहूल त्याला पुरते.

तिनं टाच घासली. वाळू उसळली आणि थाळीएवढं पाकट कडा हलवत खोल पाण्याकडे गेलं.

कोरडी वाळू लागली, तरी आम्ही दोघं पाय घासतच चाललो होतो.