चिमूटभर माती

माझी शाळा चौथीपर्यंत. वाऱ्याची पारख मात्र मेंढरांमागं शिकले. चिमूटभर माती डोक्याएवढ्या उंचीवरून सोडायची. ती जिकडं झुकेल तिकडं वारं चाललंय.

लागोपाठ दुष्काळ पडले. मेंढरं विकून आम्ही गंगापूरकडचं गाव सोडलं आणि शहराच्या कडेला पत्र्याच्या दोन खोल्यांत आलो. तेव्हा समोर माळ होता. दोन वर्षांत तिथं इमारती आणि रुंद रस्ता झाला. मुलगा-सून कंपनीत जायचे. सात वर्षांची नात माझ्याकडं. तिला दमा.

सकाळी रस्त्यावर ट्रकचा धूर दिसायचा, म्हणून मी तिला घरात ठेवायची. दुपारी रस्ता रिकामा, आभाळ स्वच्छ. तेव्हा दारातल्या कडुलिंबाखाली खेळायला सोडायची. रानातली सवय तीच. धूर दिसत नाही म्हणजे हवा चांगली. पोरीचा दमा वाढतच गेला. सून म्हणाली, "आत्याबाई, तुम्ही तिला माठातलं गार पाणी देताय." मी माठ बंद केला. फरक नाही.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आजी, हिला बाहेर कधी सोडता?"

"दुपारी. हवा साफ असती तवा."

त्यांनी कपाळाला हात लावला. "गाड्यांचा, कारखान्यांचा धूर कडक उन्हात शिजतो आणि त्याचा ओझोन होतो. तो दिसत नाही, पण छातीला बाधतो. वारं पडलं की इथंच साचतो. भर दुपारी सगळ्यात जास्त. उजाडताना सोडा, नाहीतर चांगलं वारं असेल तेव्हा."

"मंग पाऊस येईस्तोवर कोंडायचं व्हय?"

"तसंच समजा."

म्हणजे इतके दिवस मीच तिला आजारी पाडत होते.

मग उजाडताना तासभर मोकळीक आणि ऊन चढलं की दाराला कडी. पत्रा असा तापायचा की आम्ही दोघी फरशीवर पोट टेकून पडायचो. फडकं भिजवायलाही पाणी जपून. रोज दुपारी उंबऱ्यात मी माती सोडायची. झुकली तर लिंबाखाली जायचं, असं ठरलेलं. ती रोज सरळ पायाशी पडायची.

एका दुपारी पाण्याच्या टँकरचा भोंगा वाजला. जाण्याआधी मी माती सोडली. ती झुकली.

"वारं हाय, आजी! वारं आलं!"

खाली बघितलं. पोरगी उकिडवी बसली होती, गाल अजून फुगलेले. तेवढ्या फुंकरीनं तिच्या छातीत शिट्टी वाजायला लागली होती.

"खोटारडे."

"थोडंच जाते. लई नाय."

"नाय."

तिला आत ढकललं, बाहेरून कडी घातली आणि हंडा घेऊन रांगेत उभी राहिले. तिथंही लुगड्याचे पदर हलत नव्हते. मागं ती दार बडवत होती, ते ऐकू येत होतं. माझ्यापुढं दोनच बायका राहिल्या, तेव्हा बडवणं थांबलं.

हंडा तिथंच टाकून मी पळत आले. ती भिंतीला पाठ लावून बसली होती. श्वास चालू होता. तिनं माझ्याकडं बघितलं नाही.

परत गेले तेव्हा टँकर निघून गेला होता.