वेल्डरची मोटरसायकल

"कंपनीला काय कळतंय?" हे वेल्डरचं ठरलेलं वाक्य. त्याच जोरावर त्यानं मोटरसायकलचं हँडल इतकं उंच केलं, की चालवणारा शरण आल्यासारखा दिसे. मागची सीट काढून टाकून बायकोला पायी चालण्याचा व्यायामही मिळवून दिला. शेवटी हँडलनं त्याचीच पाठ धरली आणि गाडी विकायची वेळ आली.

दूधवाला म्हणाला, "मिस्त्री, मूळचे पार्ट लावून दिलेत तरच घेतो."

"ते केव्हाच भंगारात गेले!"

"कुठले जातायत?" बायको दारातून म्हणाली. "माळ्यावर पोत्यात जपून ठेवलेत मी."

दुपारभर खपून वेल्डरनं आपली कला आपल्याच हातानं उतरवली. गाडी पहिल्याच किकला सुरू झाली.

"मिस्त्री, हाताला जादू आहे तुमच्या!" पैसे देऊन गाडीवर बसत दूधवाला म्हणाला.

वेल्डर कंबर धरून पायीच वर्कशॉपकडे निघाला. बायको तो वळणाआड जाईपर्यंत त्याचा व्यायाम बघत राहिली.