नाटकाला दिलेली हिरवी साडी

माझी मुलगी जालन्याच्या कॉलेजात इंग्रजी घेऊन एम.ए. करते. मागच्या वर्षी त्यांना साहेबाच्या देशातलं एक जुनं नाटक अभ्यासाला होतं. त्यात एक मोठा सरदार दुसऱ्याचं ऐकून बायकोवर संशय घेतो आणि तिचा जीव घेतो. त्यांच्या मॅडम म्हणाल्या, हे आपल्या जिल्ह्यात घडलं असं धरा आणि मराठीत करा. बायकोचं काम माझ्या मुलीकडे आलं.

रविवारी ती मंठ्याला घरी आली. मी भाकरी थापत होते. तिनं विचारलं, "आई, अशी सवाष्ण गेली तर पुढं काय करतेत?"

मी सांगितलं. हिरवी साडी नेसवतात, कपाळभर कुंकू लावतात, ओटी भरतात. साडी माहेराकडून येते. नाटकाचा शेवट तसाच ठरला. मग साडीही तिनं माझ्याकडेच मागितली. जिवंत लेकीसाठी ती काढताना माझा हात कपाटातच थांबला. पण मला नाही म्हणायला जमत नाही. दिली.

तिचं लग्न वडीगोद्रीच्या मुलाशी ठरलं होतं. नोकरी, बागायती शेती, सगळं बराबर. तालमी चालू झाल्या तसे त्याचे फोन वाढले. कुठं आहेस, सोबत कोण आहे, फोटो पाठव. तिचे वडील म्हणायचे, काळजी करतो बिचारा. ती मात्र फोन वाजला की जेवण तसंच टाकून उठायची.

नाटकाला हा होणारा जावई आमच्याच रांगेत बसला होता. नाटकातल्या नवऱ्यानं तिच्या तोंडावर उशी दाबली तेव्हा हॉलमध्ये कोणी खोकलं नाही. मग माहेरची बाई साडी घेऊन आली. काठाजवळचा हळदीचा डाग मला लांबूनही ओळखू आला. साडी तिच्यावर पसरली आणि मी पदर तोंडात धरला. तिचा श्वास चालू आहे का, तेवढंच बघत राहिले.

ती बाहेर आली ती कपाळावर तसंच कुंकू आणि खांद्यावर साडी घेऊन. जावई पुढं आला. त्यानं तिच्या हातातला फोन घेतला.

"नवरा झाल्ता तो पोरगा कोन? त्याचे मेसेज दाखव."

तिचे वडील हसून म्हणाले, दाखव की, लपवायचं काय त्यात. तिनं लॉक उघडायला बोट पुढं केलं.

मी चारचौघांत बोलत नाही. त्या दिवशी त्याच्या हातातून फोन घेतला आणि तिला दिला. साडी तिच्या खांद्यावरून काढून माझ्या हातावर घेतली.

"ही नाटकाला दिली म्या," मी म्हणाले. "खरोखरची देनार न्हाई."

घरी येईपर्यंत तिचे वडील एवढंच बोलले की सुपारी फुटलीय, लोक काय म्हणतील. साडी माझ्या मांडीवर होती.

सकाळी त्यांनी स्वतःच वडीगोद्रीला फोन लावला, हे लग्न होणार नाही म्हणून सांगायला. ती मोरीत कपाळ घासत होती. नळ बंद करून ती ऐकत उभी राहिली.